जुना 'डॉक्टर हू': आठ महिने बघितल्यावर

पहिल्यापासून बघायला घेतलं आणि तिथेच फसले.

आमच्या चिरंजीवांना (वय वर्षे ११) बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचा नवा अवतार, म्हणजे २००५ नंतरचा, तोंडपाठ आहे. त्यात कुणीतरी जुनं पात्र अचानक उगवतं, डॉक्टरचे डोळे पाणावतात आणि इकडे प्रश्न येतो, "आई, ही कोण?" मला तरी कुठे माहीत! आम्ही ब्रिस्टलला राहतो, बीबीसीची लायसन्स फी दरवर्षी निमूट भरतो आणि नोव्हेंबर २०२३ पासून आयप्लेयरवर (बीबीसीचं ऑनलाइन बघायचं ॲप) १९६३ ते १९८९ चा बहुतेक सगळा साठा येऊन पडला आहे. २६ सीझन, सात डॉक्टर, सातशेच्या आसपास भाग. म्हटलं, फुकट तर नाहीच आहे, बघून टाकू. ऑक्टोबरात सुरू केलं, आता जून उजाडला.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डॉक्टर हा परग्रहावरचा भटक्या. त्याचं यान बाहेरून पोलिसांची निळी टेलिफोनपेटी, आतून अवाढव्य. जीव जायची वेळ आली की त्याचं शरीर बदलतं, स्वभावही बदलतो. ही युक्ती निघाली ती अडचणीतून: पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत १९६६ मध्ये साथ देईना आणि मालिका तर जोरात चालली होती.

तर मालिकेतली पहिली गोष्ट (एकेक गोष्ट अनेक भागांत चालते). हक्कांच्या भानगडीमुळे ती बाकीच्या साठ्याबरोबर आयप्लेयरवर आलीच नाही. आमच्या सत्तरीला टेकलेल्या शेजारीणबाईंकडे डीव्हीडी निघाली. पहिला भाग अजूनही अंगावर येतो. भंगारचं अंधारं आवार, आपल्या विचित्र विद्यार्थिनीचा माग काढत आलेले दोन शिक्षक आणि मधोमध गुणगुणणारी ती पेटी. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट. दोघंही तेव्हा तिशीच्या आतले. पंचवीस मिनिटं संपली तेव्हा मी मनात म्हटलं, साठ वर्षं उगीच नाही चाललं हे. मग पुढचे तीन भाग गुहेतली माणसं विस्तव पेटवता येतो की नाही यावर भांडत बसली.

तरी रेटलं. डाळेक, म्हणजे डॉक्टरचे यंत्रासारखे कायमचे शत्रू, आले, ती सात भागांची गोष्ट पहिले चार भाग उत्तम आहे. डिसेंबरात 'द वेब प्लॅनेट'पाशी (१९६५, सहा भाग) मात्र हात टेकले. माणसाएवढ्या मुंग्या, पंख लावलेली फुलपाखरं. त्यातली एक मुंगी धावता धावता सरळ कॅमेऱ्यावर आदळते आणि ते दृश्य तसंच ठेवलंय! तेव्हा टेप कापून जोडणं खर्चिक, म्हणून सगळं जवळपास नाटकासारखं सलग चित्रित व्हायचं. हार्टनेल वाक्यात अडखळतात ते त्यामुळेच, आणि मला ते आवडायलाही लागलं होतं. पण मुलगा उठून गेला होता, मी एकटीच बघत होते, आणि तीही गृहपाठ करावा तशी.

शेजारीणबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. या बाई लहानपणी डाळेक दिसला की खरोखर सोफ्यामागे लपायच्या; या पिढीतल्या इंग्रज माणसाला विचारा, दहातले निम्मे हेच सांगतील. त्या म्हणाल्या, सगळं बाजूला ठेव आणि १९७५ चं 'द आर्क इन स्पेस' लाव. रोज एकच भाग, जास्त नाही.

हा सल्ला लाखमोलाचा निघाला, म्हणून मीही तोच देते. चार भागांची गोष्ट. पहिल्या भागात जवळजवळ फक्त तिघं: नुकताच आलेला चौथा डॉक्टर टॉम बेकर, पत्रकार सेरा जेन आणि नौदलातला डॉक्टर हॅरी. हजारो वर्षांनंतरचं एक अंतराळस्थानक, सगळं पांढरंशुभ्र, कुणीही नाही, आणि हवा संपत आलेली. उरलीसुरली मानवजात तिथे कपाटांत गोठून झोपली आहे आणि त्या झोपलेल्यांत कुठल्यातरी किड्याने अंडी घालून ठेवली आहेत. आधीचं काहीही माहीत असायची गरज नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी स्थानकाचा प्रमुख नोआ खिशात घातलेला हात बाहेर काढतो. हात हिरवा झालाय, किडा होत चाललाय. आणि तो हात म्हणजे, स्वच्छ दिसतं, हिरवा रंग फासलेला बबल रॅप! नवरा सोफ्यावर आडवा होऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, तो उठून हसायला लागला. "अगं, हे तर पार्सलमधलं फोडायचं प्लॅस्टिक!" आम्ही तिघंही पोट धरून हसलो. दुसऱ्या रात्री तिसरा भाग. नोआ स्वतःच्याच हाताशी झटतोय, आवाज फाटलाय, जिच्यावर प्रेम आहे तिला तो सांगतोय की आता अधिकार तुझ्या हातात घे. कुणी हसलं नाही. प्लॅस्टिक तेच होतं. त्या नटाला ते प्लॅस्टिक आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, असं वाटावं इतकं जीव तोडून काम केलंय त्याने.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बालगंधर्वला बसून आपण कॅनव्हासवर रंगवलेली खिडकी बिनतक्रार मान्य करतोच की! भिंत हलली म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. जुना 'डॉक्टर हू' सिनेमा समजून बघाल तर दहा मिनिटांत बंद कराल. नाटक समजून बसा.

रोज एक भाग, हेही तितकंच महत्त्वाचं. शनिवारी संध्याकाळी एकेक दाखवायचे होते ते. सलग चार लावले की लक्षात येतं, ही मंडळी त्याच बोळातून पळतात, पकडली जातात, सुटतात, पुन्हा पकडली जातात. रात्री जेवणं झाल्यावर पंचवीस मिनिटं, शेवटी ती किंकाळीसारखी धून, टीव्ही बंद. मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या काय होईल याचे अंदाज सांगायचा. नेटफ्लिक्सच्या जमान्यात घरात अशी वाट बघणं मी विसरलेच होते.

'आर्क'नंतर त्याच ओघात 'द सोन्टारन एक्स्परिमेंट', दोनच भाग, डार्टमूरच्या माळावरचे. तिथे टॉम बेकर पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं आणि तो प्रताप त्या लांबलचक मफलरखाली लपवला गेला. मग 'जेनेसिस ऑफ द डाळेक्स', सहा भाग. यासाठी तरी एवढं सगळं करा. डाळेक जन्मायच्या आत संपवायला डॉक्टरला पाठवलंय. शेवटच्या भागात त्याच्या हातात दोन वायरी आहेत, एकमेकींना लावल्या की काम फत्ते. आणि तो थांबतो. मला हा अधिकार आहे का, असं सेराला विचारतो. आमच्याकडे यावर जेवणाच्या टेबलावर दोन दिवस वाद चालला. मुलगा म्हणे, लावायच्याच होत्या. मी अजून ठरवू शकलेले नाही.

आता ज्यावर माझं बहुतेकांशी पटत नाही ते. नव्या माणसाला हमखास 'सिटी ऑफ डेथ' (१९७९) सुचवतात. पॅरिस, मोनालिसा, विनोदी लेखक डग्लस ॲडम्सची लेखणी. शेवटचा भाग १ कोटी ६० लाख लोकांनी पाहिला, अर्थात समोरच्या आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीवर संप होता म्हणून. गोष्ट झकास आहे, वाद नाही. पण ती या मालिकेचीच थट्टा करते, आणि ज्याला रीत माहीत नाही त्याला थट्टा काय कळणार? चार गोष्टी झाल्यावर लावा, दुप्पट हसाल.

रंगाशिवाय चालतच नाही आणि मारामारी हवी, असं कुणी घरात असेल तर १९७० चं 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस'. स्टुडिओत संप, म्हणून सगळं बाहेर फिल्मवर घेतलं, त्यामुळे आजही देखणं दिसतं. दुकानांच्या काचेआडचे पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर येतात. खरी काच फोडायची ऐपत नव्हती, नुसता खळ्ळकन आवाज आहे. आठवडाभर आम्ही कपड्यांच्या दुकानासमोरून जरा लांबूनच चाललो.

पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन यांचं 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझनी' (१९८४) मुलांसोबत जपून; फार काळं आहे, पण काय बांधलंय! नेमकं त्याच्यानंतर लागतं 'द ट्विन डिलेमा', ज्यात नवा डॉक्टर आपल्याच सोबतिणीचा गळा आवळतो. २००९ मध्ये मालिकेच्या मासिकाने वाचकांकडून २०० गोष्टींचा क्रम लावून घेतला, त्यात यातली एक पहिली आली आणि दुसरी शेवटची. कुठली कुठे ते सांगायला नको.

तक्रारीही आहेत. १९७७ चं 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' लोक डोक्यावर घेतात. त्यात गोऱ्या नटाला रंगरंगोटी करून चिनी केलंय आणि बाकीचे चिनी म्हणजे नुसते गुंड. मी मध्येच थांबवून मुलाशी बोलले, मग पुढे गेलो. त्याचा मूड गेला होता. सहा भागांच्या पुष्कळ गोष्टी चारच्या असत्या तर बरं झालं असतं. आणि दुसऱ्या डॉक्टरचं, पॅट्रिक ट्रॉटन यांचं, दुःख वेगळंच: बीबीसीने जुन्या टेपा पुसल्या, कॉप्या जाळल्या. काही भाग हाँगकाँगला सापडले, काही २०१३ मध्ये नायजेरियातून परत आल्याचं जाहीर झालं, तरी बरेच गेले ते गेलेच. आवाज मात्र सगळ्यांचा आहे, कारण तेव्हाच्या काही रसिकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्या आवाजावर बेतलेली ॲनिमेशनं आहेत. मला ती कोरडी वाटली. ट्रॉटन यांची मजा चेहऱ्यात आहे.

ते बघायचेत तर 'द वॉर गेम्स' (१९६९), पूर्ण शिल्लक, दहा भाग. २०२४ मध्ये त्याचीच रंगवलेली, दीड तासात बसवलेली आवृत्ती आली. मुलगा म्हणाला तीच लाव, एका बैठकीत संपेल. म्हणूनच नको, म्हटलं. काल सहावा भाग झाला, आज सातवा.