सिरियल केबलवरचा ३४४०१ए: एका जुन्या मल्टिमीटरचे परीक्षण

ह्यूलेट-पॅकार्डने १९९१ साली बाजारात आणलेला आणि पुढे अ‍ॅजिलंट व कीसाइट या नावांनी विकला गेलेला ३४४०१ए हा साडेसहा अंकी (सहा पूर्ण अंक आणि त्यांच्या आधी फक्त ० किंवा १ दाखवणारा) मल्टिमीटर आता नवा मिळत नाही. तरीही अनेक प्रयोगशाळांत तो आजही रोजच्या वापरात आहे आणि जुन्या उपकरणांच्या बाजारात सहज सापडतो. त्याच्या अचूकतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करायचा आहे तो त्याच्या पाठीमागच्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टचा, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या सिरियल जोडणीचा, कारण जीपीआयबीचे (मापन उपकरणे संगणकाला जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे) कार्ड परवडत नसेल तर हा मीटर संगणकाला जोडण्याचा तोच एक मार्ग उरतो.

पहिली कसोटी केबलची लागते. मीटरची जोडणी संगणकासारखीच डीटीई पद्धतीची (दोघेही एकाच क्रमांकाच्या पिनेवरून पाठवतात अशी) असल्याने सरळ केबल चालत नाही, पाठवण्याची व घेण्याची तार उलटसुलट जोडलेली नल मोडेम केबलच लागते. आणि त्या केबलमध्ये पाठवण्याची, घेण्याची व ग्राउंडची अशा तीनच तारा असून भागत नाही. मीटर आपल्या ४ क्रमांकाच्या डीटीआर पिनेवरून ‘आता थांबा’ असे संगणकाला कळवतो आणि ६ क्रमांकाच्या डीएसआर पिनेवर संगणक घ्यायला तयार आहे का ते पाहतो. या दोन तारा नसलेल्या स्वस्त केबलवर सगळी सेटिंग बरोबर असूनही उत्तर येत नाही आणि दोष मात्र प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. म्हणून केबल घेताना पिनांची कंटिन्युइटी (कोणती पिन कोणत्या पिनेला जोडली आहे ते) तपासूनच घ्यावी.

कारखान्यातून येताना मीटर जीपीआयबीवर लावलेला असतो. पुढच्या पॅनेलवरील आय-ओ मेनूतून तो आरएस-२३२ वर आणावा लागतो, पण ही निवड वीज गेली तरी टिकून राहते. वेग ९६००, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा तपासणी बिट) आणि दोन स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) ही त्याची मूळ मांडणी आहे. बहुतेक प्रोग्रॅम आठ बिट आणि विनापॅरिटी गृहीत धरून चालतात, त्यामुळे दोन्हीकडे एकच मांडणी आहे याची खात्री करावी. त्यानंतर सर्वांत आधी मीटरला रिमोट स्थितीत, म्हणजे संगणकाच्या ताब्यात, नेणारी आज्ञा पाठवावी, नाहीतर मापनाच्या आज्ञेला ५५० क्रमांकाची त्रुटी मिळते. त्रुटींची ही रांग मला या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण वाटतो: फ्रेमिंग (अक्षराची सुरुवात व शेवट ओळखणे) चुकली तर ५११, पॅरिटी चुकली तर ५१३, असे नेमके काय बिघडले ते मीटर स्वतः सांगतो. आज्ञा एससीपीआय (मापन उपकरणांसाठीची प्रमाणित आज्ञाभाषा) पद्धतीच्या, साध्या मजकुरातल्या असल्याने पायथन भाषेच्या पायसिरियल या लायब्ररीमधून त्या पाठवायला कोणताही खास ड्रायव्हर लागत नाही. एक प्रश्न पाठवावा, उत्तर पूर्ण वाचावे आणि मगच पुढचा प्रश्न पाठवावा, एवढी शिस्त मात्र पाळावी.

संथ मापनांत हा पोर्ट खरोखर शोभतो. पीटी-१०० संवेदकाने (शून्य अंशाला १०० ओहम रोध असलेला आणि तापमानाबरोबर रोध वाढणारा प्लॅटिनमचा संवेदक) पाणी तापताना तापमान नोंदवायचे असेल, तर चार तारांची (जोडतारांचा रोध वगळणारी) रोधमापन पद्धत निवडावी आणि १ किलोओहमची रेंज आधीच पक्की करावी. १०० ओहमची रेंज १२० ओहमपर्यंतच चालते, म्हणजे सुमारे ५२ अंश सेल्सियसला ती संपते, आणि ऑटोरेंज चालू असेल तर मीटर नेमका प्रयोगाच्या मध्यावर रेंज बदलतो. दोन्ही रेंजमध्ये चाचणी प्रवाह १ मिलिअँपिअरच असल्यामुळे मोठी रेंज घेतल्याने संवेदक जास्त तापत नाही, आणि शेवटचा अंक १ मिलिओहमचा म्हणजे साधारण ०.००२६ अंशाचा राहतो, जो अशा प्रयोगाला पुरून उरतो.

वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नये. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर शंभर आवर्तनांचे एकत्रीकरण (विजेच्या शंभर आवर्तनांइतका वेळ सिग्नलची सरासरी घेणे) निवडले की एका मापनाला २ सेकंद लागतात आणि ऑटोझीरो (प्रत्येक मापनाबरोबर मीटरने स्वतःचे शून्य तपासणे) चालू असेल तर जवळपास दुप्पट. प्रोग्रॅममधला टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) त्याहून बराच मोठा ठेवावा. झपाट्याने बदलणारा सिग्नल टिपायचा असेल त्यांनी जीपीआयबी किंवा यूएसबी व लॅन असलेला ३४४६१ए हा नवा मल्टिमीटर घ्यावा. जुना ३४४०१ए घेणाऱ्यांनी विक्रेत्यासमोरच तो संगणकाला जोडून ओळख विचारणारी आज्ञा पाठवावी. अंक स्वच्छ दिसणाऱ्या मीटरचेही सिरियल पोर्ट बंद असू शकते, आणि पुढच्या पॅनेलकडे नुसते पाहून ते कळत नाही.