कवळीवरची बुरशी काढायला ओवा, लवंग, लसूण, हळद की ब्लीच?

कवळीखालची टाळू लालबुंद होते, ओठांचे कोपरे चिरतात, आणि अनेकदा दुखत नाही म्हणून कुणी लक्षही देत नाही. बहुतेक वेळा यामागे कॅन्डिडा ही बुरशी असते. ती कवळीच्या ॲक्रिलिकला, म्हणजे ज्या प्लॅस्टिकची कवळी बनते त्याला, धरते आणि दीड-दोन दिवसांत स्वतःभोवती चिकट थर तयार करते. हाच बायोफिल्म. तो औषध अडवतो, म्हणून फ्लुकोनॅझोलसारख्या औषधाची मात्रा सुट्या पेशींपेक्षा हजारपटीपर्यंत जास्त लागू शकते. नुसती गोळी घेतली आणि कवळी तशीच राहिली, तर त्रास परत येतो तो यामुळेच.

ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल प्रयोगशाळेत हा थर खरोखर मोडतात. दोन्ही बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. अडचण घरच्या वापरात येते. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरला साधारण १ ग्रॅम, आणि काढा उकळताना वाफेबरोबर उडून जातं. उरलं किती, हे मोजायची घरी सोय नाही. लवंग तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. ते तसंच लावलं तर टाळू भाजते, शिवाय ॲक्रिलिक मऊ पडू शकतं. कवळीला लवंग तेल लावूच नका.

लसणाचं ॲलिसिन कच्ची पाकळी ठेचल्यावरच तयार होतं आणि लवकर विघटित होतं. फोडणीतल्या लसणात ते मिळत नाही, आणि कच्चा ठेचा टाळूवर धरला तर फोड येतात. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. कॅन्डिडावर त्याचा चांगला परिणाम निळ्या प्रकाशाच्या जोडीने होतो, तो दिवा दवाखान्यात लागतो. घरी कवळी पिवळी होईल, एवढंच. खोबरेल निरुपद्रवी आहे. चिरलेल्या कोपऱ्यांना लावायला बरं, थर मोडायला अपुरं.

म्हणून आमचा कौल: आधी घासणं, मग ब्लीच. रोज रात्री कवळी काढून मऊ ब्रश आणि भांड्यांच्या पातळ साबणाने आतून-बाहेरून घासा. राख, मंजन, टूथपेस्ट नको. त्यांनी चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी बसते. मग ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लीच, २० मिली आणि पाणी १८० मिली अशा द्रावणात १० मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नको, आणि भरपूर पाण्याने धुवा. लाली असेपर्यंत रोज, नंतर आठवड्यातून एकदा. रात्रभर कवळी साध्या पाण्यात; तोंडाला तेवढी मोकळीक हवीच. उकळत्या पाण्यात टाकली तर वाकते. कवळीला धातूची तार किंवा पट्टी असेल तर ब्लीच वापरू नका, गंज धरतो.

बाटलीवरचं नाव वाचूनच घ्या, संडास साफ करायचं ॲसिड वेगळं असतं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. मे महिन्याच्या उन्हात ब्लीच लवकर निकामी होतं. बाटली अंधारात, थंड जागी ठेवा, वर्षभर जुनी वापरू नका.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात किंवा बोअरच्या जड पाण्याने कवळीवर क्षारांची खरखरीत पुटं चढतात आणि त्यावर थर आणखी पक्का बसतो. तिथे निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी यात भिजवून घासा; ब्लीचच्या दिवशी मात्र नाही.

टाळूसाठी निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोल ही बुरशीवरची औषधं डॉक्टरांच्या सांगण्यावरून. क्लोरहेक्सिडीनने गुळण्या करत असाल तर त्यात आणि निस्टॅटिनमध्ये अर्धा तास जाऊ द्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर मायकोनॅझोल हे बुरशीवरचं जेल टाळा, रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर साखर तपासा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या तोंडात पुसून न निघणारा पांढरा चट्टा दिसला, तर बुरशी समजून थांबू नका; नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात दाखवा.