एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूल: सात महिन्यांच्या वापरानंतर

लाईट गेली की राउटर चालू राहावा एवढ्यासाठी हे मॉड्यूल, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून देणारं छोटं सर्किट, घेतलं. १८६५० चा एक लिथियम सेल, जादा करंट झाला की सेल तोडणारं त्याचं प्रोटेक्शन बोर्ड, पुढे बूस्ट, आणि १२ व्होल्टचा राउटर. टेबलावर लोड न लावता मल्टिमीटर अगदी १२.० दाखवायचा. राउटर जोडला की पाच-दहा मिनिटांत तो रीस्टार्ट. घरात दोघं एकदम व्हिडिओ बघायला लागले तर हमखास.

मॉड्यूल खराब आहे असं धरून मी दोन बदलली. तिसऱ्यालाही तेच झालं, तेव्हा लोड चालू ठेवून मोजत बसलो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सेलच्या टोकांवर ३.८ व्होल्ट, मॉड्यूलच्या इनपुट पॅडवर ३.१! मधले ०.७ व्होल्ट कुठे गेले ते टप्प्याटप्प्याने शोधलं: होल्डरच्या स्प्रिंगमध्ये ०.२५, बारीक जंपर वायरींमध्ये ०.३, प्रोटेक्शन बोर्डात ०.१५.

बूस्टमध्ये हा ड्रॉप फार महाग पडतो. आउटपुटला ७.२ वॅट हवे असतील तर इनपुट व्होल्टेज घसरल्यावर मॉड्यूल जास्त करंट ओढतं, त्यामुळे वायरमध्ये ड्रॉप वाढतो, म्हणून आणखी करंट. माझ्याकडे २.७ अँपिअर वाहत होते, आणि वाय-फायचा जोर वाढला की ते चिपच्या आतल्या स्विचच्या ४ अँपिअरच्या मर्यादेजवळ जायचे. ही मर्यादा स्विचची आहे, आउटपुटची नव्हे. विकत घेताना हे नीट समजून घ्या.

दुसरी तक्रार मंद प्रतिसादाची. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यात ती दिसतच नाही. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर पाहिलं, लोड वाढताच आउटपुट काही मिलिसेकंद साडेनऊ व्होल्टपर्यंत खाली. यातला काही भाग बूस्टच्या स्वभावातच आहे. लोड वाढला की स्विच जास्त वेळ चालू राहतो, आणि तेवढा वेळ कॉइलमधली ऊर्जा डायोडमधून आउटपुटला जातच नाही. व्होल्टेज आधी पडतं, मग सावरतं. म्हणून कंट्रोल लूप, म्हणजे आउटपुट बघून स्विच कमी-जास्त चालवणारा भाग, मुद्दाम संथ ठेवावा लागतो. इनपुट आणि आउटपुट यांत जितकं अंतर जास्त, तितका हा त्रास मोठा.

आउटपुटला २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावून पाहिला. चालू करताक्षणी प्रोटेक्शन बोर्डच ट्रिप झालं, कारण चिपमधला स्विच बंद असला तरी कॉइल आणि डायोडमधून इनपुटचा करंट सरळ पलीकडे जातो. याच कारणाने आउटपुट शॉर्ट झालं तर हे मॉड्यूल स्वतःला वाचवू शकत नाही. आधी फ्यूज टाका.

शेवटी उपयोगी पडलं ते असं: दोन सेल सिरीजमध्ये, त्यांना टू-एस बीएमएस (सिरीजमधल्या दोन सेलसाठीचं प्रोटेक्शन बोर्ड), स्प्रिंगऐवजी स्पॉट-वेल्ड केलेल्या निकेल पट्ट्या, जाड आणि आखूड वायरी. इनपुट पॅडलाच चिकटून १००० मायक्रोफॅरड, आउटपुटला ४७०. करंट १.१ अँपिअरवर आला, चिप हात लावण्याइतकी कोमट राहते. स्कोपवरचा खड्डा आता अर्ध्या व्होल्टच्या आत आहे.

प्रीसेट (आउटपुट व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवूनही आउटपुट हलत नसेल तर घाबरू नका, कित्येक आटे उलटे फिरवल्यावरच ते बदलायला लागतं. व्होल्टेज बसवल्यावर स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. गेल्या चार महिन्यांत राउटर एकदाही रीस्टार्ट झालेला नाही.