सॅन होजेमधील एक सामुदायिक दंतचिकित्सालय: भाचीच्या दोन भेटींचा अनुभव

माझा धाकटा भाऊ कौटुंबिक वर्गातील ग्रीन कार्डावर गेल्या वर्षी सहकुटुंब सॅन होजेला आला. तो एका किराणा दुकानात काम करतो आणि त्याला नोकरीतून दातांचा विमा मिळत नाही. 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार नव्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. मुलांच्या बाबतीत ही अट सोडून देण्याची मुभा राज्यांना 2009 मध्ये मिळाली, आणि कॅलिफोर्नियाने तर मे 2016 पासून कमी उत्पन्नाच्या घरांतील 19 वर्षांखालील मुलांना, त्यांची कागदपत्रे कशीही असोत, मेडी-कॅल, म्हणजे या राज्यातले मेडिकेड, पूर्णपणे खुले केले. त्यात दातांचे उपचारही येतात. त्यामुळे सात वर्षांच्या भाचीला घेऊन आम्ही घराजवळच्या सामुदायिक दंतचिकित्सालयात गेलो आणि दोन्ही भेटींत एक डॉलरही भरावा लागला नाही.

प्रतिबंधक उपचारांच्या बाबतीत या जागेला माझे पूर्ण गुण आहेत. दात साफ करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी आधी आरसा भाचीच्याच हातात दिला, प्रत्येक उपकरण तिच्या नखावर फिरवून दाखवले आणि मगच तोंडात घातले. फ्लोराइडचे वार्निश लावायला दोन मिनिटेही लागली नाहीत. नुकत्याच आलेल्या चार कायमच्या दाढांवर त्याच दिवशी सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून दिला जाणारा संरक्षक थर, बसवले: दाढ स्वच्छ करून निळे जेल लावायचे, धुऊन कोरडी करायची, पातळ थर द्यायचा आणि तो दिव्याने घट्ट करायचा. ना सुई, ना ड्रिल. सीलंटमुळे दाढांमधील सुमारे 80 टक्के कीड दोन वर्षे टळते, असे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे सांगणे आहे. असे असताना ‘पुन्हा या’ न म्हणता तिथल्या तिथे काम उरकणे, रजा घेतली की त्या दिवसाचा पगार बुडणाऱ्या माझ्या भावासारख्या पालकांसाठी किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

एका दुधाच्या दाढेला मात्र कीड लागलेली होती. ‘दुधाचे दात पडायचेच आहेत, त्यांना कशाला हात लावायचा?’ ही माझ्या भावजयीची शंका. (आमच्या आईचेही हेच मत होते आणि त्याची किंमत मी दोन रूट कॅनॉलनी मोजली आहे.) डॉक्टरांनी तिला न हिणवता एक्स-रेवर त्या दाढेखाली वाढणारी कायमची दाढ दाखवली आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा पर्याय सुचवला. या औषधाने कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. तो कसा दिसेल याचे छायाचित्र दाखवूनच त्यांनी संमती घेतली. रात्री झोपताना दिले जाणारे साखर घातलेले दूध ब्रश करण्याआधी द्या, हा सल्लाही त्यांनी दिला आणि भावजयीने तो लगेच मानला.

तक्रार आहे ती भाषेबद्दल. पहिल्या भेटीच्या वेळी मी गाडी लावून येईपर्यंत स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याने अकरा वर्षांच्या भाच्यालाच दुभाषा म्हणून उभे केले होते. आणीबाणी वगळता अल्पवयीन मुलाकडून हे काम करून घेण्यास केंद्रीय नियमांची मनाई आहे. डॉक्टरांनी ते थांबवले, हे खरे, पण ही वेळच यायला नको होती. स्पॅनिश आणि व्हिएतनामी बोलणारी माणसे तिथे हजर असतात. आम्हाला फोनवर हिंदी दुभाषा मिळाला आणि त्याने सीलंटसाठी ‘दाँत भरना’ असे शब्द वापरले. भावजयीला वाटले की चारही दाढा किडल्या आहेत. तिचा चेहरा उतरला आणि मी मध्ये पडेपर्यंत ती सही करायला तयार नव्हती. नियमाप्रमाणे दुभाषा दिला गेला, पण आईला नेमके काय समजले हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्या भेटीची वेळ सात आठवड्यांनंतरची मिळाली, तेही तब्बल अर्धा तास फोन धरून ठेवल्यावर. वाहनतळ लहान असल्यामुळे शनिवारी बसने जाणे बरे.

पाचपैकी चार तारे. मराठी कुटुंबांनी वेळ ठरवतानाच ‘मराठी दुभाषा हवा’ असे सांगून त्याची नोंद करून घ्यावी. दुसऱ्या भेटीआधी आम्ही तसे केले, तेव्हा त्याच फोनसेवेवर मराठी बोलणाऱ्या बाई मिळाल्या आणि भावजयीने त्यांना घाईघाईने सहा प्रश्न विचारले.