धनगरी ओवी, वाड्याची वाट आणि वर्गातला मोबाईल: शाळेसाठी कुठलं टूल बरं पडेल?

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या बऱ्याच शाळांच्या भिंतींवर वारली चित्रं असतात. दिसतात छानच, पण वारली समाज राहतो तिकडं पालघरला, डहाणू-तलासरीच्या बाजूला, आणि इथं वर्गात बसलेल्या कित्येक धनगर पोरांच्या घरी ढोल-कैताळ आहे, आजोबा बिरोबाच्या ओव्या म्हणतात, त्याचा शाळेत उल्लेखसुद्धा नाही. म्हणून ज्या सर-मॅडमना आता मोबाईल आणि स्मार्ट टीव्ही वापरून इथली संस्कृती शिकवायचीय आणि कुठल्या ॲपपासून सुरू करावं कळत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाचवी ते सातवीचा वर्ग, दोन-तीन मोबाईल, एक टीव्ही आणि अधूनमधून येणारं नेट एवढंच धरून चाललोय.

माझं मत आधीच सांगतो, सगळ्यात साधं टूल म्हणजे मोबाईलमधला ऑडिओ रेकॉर्डर, आणि ओवीसाठी तेच सगळ्यात भारी. धनगरी ओवी म्हणजे एकट्याचं गाणं नसतं, एकजण उचलतो, बाकीचे मागून धरतात, थोडं गाऊन झालं की तीच गोष्ट बोलून सांगतात, परत गाणं. वर्गासाठी हा बोललेला भाग म्हणजे सोन्यासारखा, कारण गायलेलं पोरांना पहिल्यांदा नीट कळत नाही, बोललेलं कळतं, मग तेवढाच तुकडा आधी ऐकवायचा, गोष्ट कोणाची ते विचारायचं आणि मग गाणं लावायचं. कापाकापीसाठी कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट आहे, नेट लागत नाही. एमपीथ्री केलं तर मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे तासाभराची बैठक जुन्या पेनड्राइव्हवरपण बसते.

व्हिडिओचा मोह सगळ्यांना होतो. गजीनृत्याला, म्हणजे ढोलावरच्या धनगरी नाचाला, तो लागतोच, कारण रुमाल, पावलं, ढोलवाल्याभोवतीचं रिंगण हे ऐकून कळणार नाही. पण फुल एचडी शूटिंग मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास जातं, काइनमास्टरसारख्या ॲपच्या फुकट व्हर्जनमध्ये वॉटरमार्क येतो, आणि मुख्य म्हणजे कॅमेरा समोर धरला की म्हातारी माणसं अवघडतात, शर्ट बदलून येतो म्हणतात आणि बोलायचं तेच राहून जातं. नाच असेल तर व्हिडिओ, नाहीतर राहू दे.

आता गूगल अर्थ. हे मला स्वतःला फार आवडतं, पण ओवीसाठी नव्हे, मेंढपाळांच्या वाटेसाठी. फलटण-माणकडचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात, वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात. हे पुस्तकातल्या दोन ओळींत वाचून पोरांना काही वाटत नाही. गूगल अर्थच्या प्रोजेक्टमध्ये मुक्कामाच्या जागा टाकल्या, प्रत्येकाला फोटो आणि चार ओळी जोडल्या आणि टीव्हीवर घाट उतरताना दाखवला की भूगोल, खत, पाऊस, नातीगोती सगळं एका तासात निघतं. आणि वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावर, जाऊन आलेलं पोरगं, जे एरवी मागच्या बाकावर गप्प असतं, ते त्या दिवशी सगळ्यांना सांगत असतं. तोटा एकच, नेट पाहिजे आणि गूगल खातं पाहिजे. नेट नसेल तर कागदावर नकाशा काढा, काही बिघडत नाही.

स्टोरीविव्हर ही प्रथम बुक्सची गोष्टींची वेबसाइट, २०१५ पासून आहे. मराठी गोष्टी भरपूर, फुकट, तयार चित्रांवर आपली गोष्ट लिहिता येते, स्वतःची चित्रंपण चढवता येतात. तिसरी-चौथीसाठी, माडग्याळी मेंढराची किंवा घोंगडीची छोटी गोष्ट पोरांकडून लिहून घ्यायला एकदम सोपं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, तिथं टाकलेली गोष्ट खुल्या परवान्याखाली जाते, म्हणजे नाव देऊन कोणीही ती वापरू, बदलू, विकू शकतो, आणि दिलेली परवानगी नंतर मागं घेता येत नाही. पोरांनी रचलेली गोष्ट असेल तर उत्तम. देवाची ओवी असेल, जी ठरावीक वेळी ठरावीक माणसंच म्हणतात, ती तिथं टाकू नका, निदान त्या घरच्यांना विचारल्याशिवाय तरी नको.

ह्याच मुद्द्यावर ऑस्ट्रेलियातलं मुकुर्तु हे फोटो-गाणी जपून ठेवायचं सॉफ्टवेअर माहीत असावं. तिथल्या वारुमुंगु समाजासोबत हे बनवलं, त्यात कुठला फोटो, कुठलं गाणं कोणी बघायचं ते समाजच ठरवतो. सॉफ्टवेअर फुकट आहे पण सर्व्हर लागतो, जिल्हा परिषदेच्या शाळेला ते झेपायचं नाही. त्यातली रीत मात्र उचलता येते. पेनड्राइव्हवर तीन फोल्डर करा: सगळ्यांना दाखवायचं, फक्त वर्गात, आणि फक्त त्या घरचं. कशात काय जाईल ते आजोबांना विचारून.

स्क्रॅच या पोरांना कोडिंग शिकवायच्या ॲपबद्दल थोडक्यात, पोरांना मजा येते, ऑफलाइन चालतं, पण मेंढरू पळवण्यात आठवडा जातो आणि ओवी बाजूला राहते. सातवीला कोडिंग शिकवायचंच असेल तरच. कॅनव्हा स्नेहसंमेलनाच्या पोस्टरला ठीक. आणि एआयकडून धनगराचं चित्र काढून घेणं मला तरी पटत नाही, खरा माणूस गावात असताना कशाला?

नुसतं ऐकायला तयार साहित्य हवं असेल तर पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर जात्यावरच्या ओव्या आहेत, मूळ गोळा केल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी, एक लाखाच्या वर, आणि तिथं गाणाऱ्या बाईचं नाव-गाव दिलेलं असतं. आपल्या फाइलला नाव देतानाही तसंच करा, "ओवी १" असं नको. म्हसवडला माणदेशी तरंग हा कम्युनिटी रेडिओ आहे, जवळ असाल तर पोरांना एकदा तिथं न्या, माईकपुढं कसं बोलतात ते कळेल.

तर पहिल्यांदाच करणार असाल तर ऑडिओ आणि नकाशा ही जोडी घ्या, पोरं लहान असतील तर स्टोरीविव्हर, व्हिडिओ फक्त गजीला. पोरांचे चेहरे बाहेर जाणार असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. आणि हे सगळं पहिल्या सत्रातच उरका, कारण दिवाळीनंतर वाडे खाली उतरले की ज्यांचा आवाज घ्यायचाय तीच माणसं गावात नसतात.