सॅक, एका खांद्याची बॅग की ट्रॉली? लोकलवाल्यांसाठी

ऑफिसने दिलेला लॅपटॉप म्हणजे नुसती वीट आहे. 15.6 इंची, 2.4 किलो, वर त्याचा चार्जर 600 ग्रॅम. एका रविवारी सॅक रिकामी करून एकेक वस्तू किचनमधल्या काट्यावर ठेवली. भरलेली स्टीलची बाटली 1.3, डबा 800 ग्रॅम, छत्री-डायरी-सटरफटर अर्धा किलो आणि रिकामी सॅकच एक किलो, म्हणजे 6.6 किलो घेऊन मी रोज डोंबिवलीचा पूल चढत होतो, घाटकोपरला उतरून परत मेट्रोचे जिने. तिन्ही प्रकार वापरून झालेत म्हणून लिहितोय.

एका खांद्याची बॅग दिसते झकास, मेट्रोत स्कॅनरवर टाकायला आणि काढायलाही सोपी. पण सगळं वजन एकाच बाजूला, मग आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो आणि कंबर दुसरीकडे झुकते. क्रॉस घातली तर थोडं बरं, तरी मानेला पट्टा काचतोच. लॅपटॉप दीड किलोच्या आत असेल आणि चालणं कमी असेल तरच हिच्या वाटेला जा.

ट्रॉली मी हौसेने घेतली. पाठीवर शून्य वजन, प्लॅटफॉर्मवर मस्त पळते. पण पूल आला की उचला, गाडीत चढताना उचला, आणि तेही एका हाताने, वाकडं होऊन. वर सकाळच्या 8 च्या फास्टमध्ये कुणाच्या तरी पायावरून चाक गेलं की जे ऐकायला मिळतं ते इथे लिहिता येणार नाही. कॅबने किंवा कंपनीच्या बसने जाणाऱ्यांनी, आणि डॉक्टरांनी पाठीवर वजन घ्यायला नाही सांगितलंय त्यांनी मात्र खुशाल घ्यावी.

राहिली सॅक. माझं मत हिलाच, पण दोन्ही पट्टे लावून. एका खांद्यावर लटकवायची असेल तर मग वरचीच बॅग घ्या ना. लॅपटॉपचा कप्पा पाठीला चिकटून हवा, कारण वजन जितकं मागे लोंबेल तितकं शरीर पुढे वाकतं. पट्टे एवढे आवळा की सॅक कंबरेखाली यायला नको. छातीवरचा छोटा पट्टा चालताना लावायचा, चढायच्या आधी सोडायचा. गर्दीत सगळे सॅक पुढे घेतात, घ्यावीच लागते, पण तशीच तासभर लटकवून उभं राहिलात तर कंबर बोंबलणार, त्यापेक्षा वर रॅकवर पास करा नाहीतर दोन पायांच्या मधे ठेवा.

आणि खरी गंमत सांगू? माझी पाठ गाडीत धरलीच नाही, ऑफिसात धरली. खुर्चीत बसल्या बसल्या मागे वळून एका हाताने टेबलाखालची सॅक ओढली आणि कमरेत जी कळ गेली, चार दिवस मोजे घालायला बायको. आता आधी उभा राहतो, गुडघ्यात वाकतो, सॅक टेबलावर घेतो आणि मग पाठीवर.

दुसरा चार्जर ऑफिसात मागून घेतला, बाटली रिकामी नेतो, तिथे भरतो. तेवढ्यात दीड किलोच्या आसपास कमी झालं, फुकटात. महागड्या सॅकच्या आधी हे करून बघा, आणि सॅक घ्यायलाच गेलात तर लॅपटॉप सोबत न्या, आत घालून दुकानात दहा मिनिटं फिरा, दुकानदार बघेना का.

ट्रॉली? ती आता आई गावाला जाताना नेते, येताना तांदूळ भरून आणते.