कानकूनला राहायचं कुठे? तारे नंतर मोजा, आधी किलोमीटर वाचा

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर हॉटेल ठरवताना बहुतेक जण स्विमिंग पूलचा फोटो आणि ताऱ्यांची संख्या बघून पैसे भरून टाकतात. पूल सगळीकडे सारखेच निळे असतात. सुट्टीचं सोनं की माती हे ठरतं ते किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका किनाऱ्यावर पोरं गुडघाभर पाण्यात खेळत असतात आणि पुढच्या वळणानंतरच्या किनाऱ्यावर लाल बावटा फडकत असतो.

कानकूनचा हॉटेल झोन नकाशावर रोमन लिपीतल्या 7 सारखा दिसतो. एका बाजूला निचुप्ते खाजण, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वीसेक किलोमीटरची चिंचोळी वाळूची पट्टी. तिच्यावरून मुख्य रस्ता एकच जातो, बुलेवार कुकुल्कान. इथले पत्ते किलोमीटरवर चालतात, आणि हीच ग्राहकाच्या हातातली खरी किल्ली. हॉटेलच्या पत्त्यात ‘किमी 5’ असेल तर ते 7 च्या आडव्या रेघेवर आहे. समोर इस्ला मुहेरेस बेट आडवं येतं, त्यामुळे पाणी शांत आणि उथळ, बरंच आत गेलं तरी पाय टेकतात. लांगोस्ता आणि तोर्तुगास हे किनारे याच भागात येतात. लहान मुलं किंवा पोहता न येणारी मोठी माणसं बरोबर असतील तर किमी 3 ते 8 याच्या बाहेर बघू नका, हॉटेल एक तारा कमी असलं तरी चालेल.

किमी 9 च्या आसपास 7 चा कोपरा येतो, पुंता कानकून. सगळे नाइट क्लब इथे आहेत आणि त्यांचा ठोका पहाटेपर्यंत चालतो. ज्यांना नाचायचंय त्यांच्यासाठी जागा उत्तम, झोपायचंय त्यांनी दोन किलोमीटर तरी लांब राहावं.

कोपऱ्यानंतर उभी रेघ सुरू होते आणि समुद्र बदलतो. किमी 10 ते 20 हा पट्टा थेट पूर्वेकडे, उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे. जाहिरातीत दिसणारा तो झगझगीत निळा रंग इथलाच, आणि लाटाही इथल्याच. तळ झपकन खोल होतो आणि आत ओढणारे प्रवाह असतात. 2005 च्या ऑक्टोबरात विल्मा चक्रीवादळाने इथली वाळू ओढून नेली. नंतर समुद्रतळातून वाळू उपसून किनारा दोनदा भरून काढला. आजही लाटा ती वाळू खात असतात, म्हणून कधीकधी पाण्याच्या कडेला कंबरभर उंचीचा कापलेला धक्का दिसतो. म्हाताऱ्या माणसांना तो उतरणं जमत नाही. किमी 18 जवळची प्लाया देल्फिनेस बघायला जरूर जा, पण पोहायचं की नाही ते बावटा बघून ठरवा: हिरवा असेल तर खुशाल, पिवळा असेल तर जपून, लाल किंवा काळा असेल तर काठावर बसा.

पत्त्यात आणखी एक गोम असते. किलोमीटर तोच, पण हॉटेल रस्त्याच्या खाजणाकडच्या बाजूला. भाडं निम्म्यावर येतं आणि जाहिरातीत ‘समुद्रापासून दोन मिनिटं’ लिहिलेलं असतं. ती दोन मिनिटं म्हणजे भरधाव रस्ता ओलांडणं. मागच्या खाजणात मगरी आहेत, तसे फलकही लावलेले असतात. तिथे सूर्यास्त फार सुंदर दिसतो, पण पाण्यात पाय सोडून बघायचा नाही. बसचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंना येत नाही. आर-1 आणि आर-2 बस या रस्त्यावर सतत धावतात, सुटे पेसो घेऊन चढायचं. टॅक्सीवाला त्याच अंतराला कित्येक पट मागतो.

आता सार्गासम. हे तपकिरी, तरंगतं समुद्री शेवाळ. 2011 पासून ते कॅरिबियनमध्ये लोंढ्याने यायला लागलं. साधारण एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा जोराचा काळ. काठावर ढीग साचून कुजले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. चांदीचे दागिने काळे पडतात. महागडं हॉटेल यातून वाचवत नाही. फार तर पहाटे ट्रॅक्टर फिरवतं आणि समुद्रात जाळीचा अडसर बांधतं, आणि वारा चढला की शेवाळ त्यावरूनही येतं. पूर्वेकडे तोंड असलेले किनारे, म्हणजे कानकूनची उभी रेघ आणि दक्षिणेकडची प्लाया देल कारमेन आणि तुलुम ही गावं, मार खातात. इस्ला मुहेरेसचा उत्तर टोकावरचा प्लाया नोर्ते आणि कोसुमेल बेटाचा पश्चिम किनारा बरेचसे सुटतात. त्यामुळे मे ते जुलैमध्ये जाणार असाल तर आमचं मत सरळ आहे: या दोन बेटांपैकी एक घ्या किंवा कानकूनची आडवी रेघ.

याची उलटी बाजू थंडीत दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून ‘नोर्ते’ नावाचे गार वारे एक-दोन दिवस घोंघावतात. तेव्हा हेच उत्तरमुखी शांत किनारे खवळतात आणि बेटांच्या फेऱ्या बंद पडू शकतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र बेटावर काढू नये.

हॉटेलचा खरा किनारा बघायचा तर पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडा आणि तुम्ही जाणार त्याच महिन्याचे, मागच्या दोन वर्षांचे निवडा. पूलचे फोटो सोडून द्या. पाण्याची कड दिसणारे बघा.

दक्षिणेकडे गेलं की गावागणिक स्वभाव वेगळा. पुएर्तो मोरेलोस लहान आणि झोपाळू. प्रवाळाची भिंत किनाऱ्याच्या अगदी जवळ असल्याने लाटा बाहेरच फुटतात, आणि ही भिंत 1998 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. स्नॉर्केलिंगसाठी झकास, पण तळाला समुद्री गवत असल्याने पाणी जाहिरातीसारखं दिसत नाही. प्लाया देल कारमेनला गाडी लागत नाही, पायी रस्ता ‘किंता आवेनिदा’ सगळं देतो आणि कोसुमेलची फेरी पाऊण तासाच्या आत पोचवते. किनारा मात्र जागोजागी झिजून अरुंद झालाय. बाराव्या गल्लीत बार आहेत, तेव्हा दहा ते चौदा या गल्ल्यांमधली स्वस्त खोली का स्वस्त आहे ते रात्री एक वाजता कळतं.

तुलुमबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गाव आणि किनारा यांत काही किलोमीटरचं अंतर आहे, आणि ‘तुलुम’ लिहिलेलं हॉटेल बऱ्याचदा गावातलं असतं. किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं जनरेटर आणि सौर पट्ट्यांवर चालतात. म्हणून बुकिंगआधी दोनच प्रश्न विचारा: रात्रभर एसी चालतो का, आणि जनरेटर माझ्या खोलीपासून किती लांब आहे? नळाचं पाणी किंचित खारट लागलं तर दचकू नका. दिव्यांच्या माळा आणि मचाणं फोटोत छान दिसतात, पण त्या भाड्यात इतरत्र बरंच काही मिळतं.

‘रिव्हिएरा माया’ (कानकूनच्या दक्षिणेचा किनारपट्टा) असा मोघम पत्ता असलेली प्रचंड रिसॉर्ट महामार्ग 307 च्या कडेला, फाटकाच्या आत असतात. बाहेर चालत जाण्यासारखं काही नसतं. अशी जागा फक्त ऑल-इन्क्लुसिव्ह, म्हणजे जेवणखाण आणि दारू भाड्यातच धरलेली, घेऊनच परवडते. गावात मात्र ऑल-इन्क्लुसिव्ह हा बहुतेकदा आतबट्ट्याचा व्यवहार. पाच दिवसांतले तीन दिवस चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन शहर, सेनोते म्हणजे गोड्या पाण्याची नैसर्गिक कुंडं आणि बेटं यांत जाणार असतील, तर तीन दुपारची जेवणं तुम्ही दोनदा विकत घेताय. चिचेन इत्सा कानकूनहून 200 किलोमीटर आहे, जाऊन-येऊन अख्खा दिवस. दारू न पिणाऱ्याने तर हिशेब करूनच मनगटावर पट्टी बांधून घ्यावी, कारण त्या दरात मोठा वाटा बारचा असतो. बुफे सोडून आतल्या इतर रेस्टॉरंटांत किती वेळा जेवता येतं हे आधी विचारा. काही ठिकाणी रात्रींच्या संख्येवर बंधन असतं आणि पहिल्या दिवशीच नाव नोंदवावं लागतं.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘वेहेतारियानो’ म्हणून थांबू नये. भात अनेकदा कोंबडीच्या रश्शात शिजतो, आणि परतलेल्या घेवड्यात, गव्हाच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पोळीत, डुकराची चरबी असते. ‘सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो’ हे पाठ करा: चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको. मक्याची तोर्तिया, नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज घालून दुमडलेली तोर्तिया) आणि मिरचीच्या पट्ट्या घातलेलं ‘राहास कोन क्रेमा’ यावर आठवडा मजेत जातो. खोलीसोबत छोटं स्वयंपाकघर मिळत असेल तर शाकाहारी कुटुंबाने तेच घ्यावं. पिण्याचं पाणी मात्र बाटलीचं किंवा जारचं.

पैशांत चूक दोन जागी होते. वेबसाइटवरच्या भाड्यात 16 टक्के व्हॅट आणि राज्याचा निवास कर धरलाय की नाही ते बघा. पर्यावरण शुल्क तर दर रात्री खोलीमागे वेगळं, काउंटरवरच मागतात, ती फसवणूक नव्हे. आणि कार्ड मशिनने ‘डॉलर की पेसो’ विचारलं की पेसोच दाबा, नाहीतर मशिनवाला स्वतःचा दर लावतो. विमानतळाच्या दारात गणवेशातली माणसं ‘तुमची गाडी?’ म्हणून अडवतात. त्यांतले बरेच टाइमशेअरचे, म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीचा दरवर्षीच्या काही दिवसांचा हक्क विकणारे, विक्रेते असतात. न थांबता बाहेर पडा. गाडी ठरवलेली नसेल तर एडीओ या बस कंपनीची बस थेट शहरात आणि प्लाया देल कारमेनला जाते.

चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचे. तेव्हाचं स्वस्त भाडं घ्यायला हरकत नाही, पण रद्द करता येणारं घ्या आणि विमा लवकर काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाचे पैसे देत नाही.

सार्गासमची अजिबातच कटकट नको असेल तर पॅसिफिकची बाजू आहे. पुएर्तो व्हायार्ताचा उपसागर मोठा आणि बराचसा सौम्य, डिसेंबर ते मार्च देवमासे दिसतात. पावसाळ्यात मात्र नद्यांचा गाळ येऊन पाणी मातकट होतं. वातुल्कोच्या छोट्या खाड्या शांत आणि कमी गर्दीच्या. लोस काबोसला हॉटेलं देखणी, पण बहुतेक किनाऱ्यांवर पोहता येत नाही. तिथे बुकिंग करताना मेदानो किनाऱ्यालगतचं हॉटेल शोधा, नाहीतर समुद्र आठवडाभर गॅलरीतूनच बघावा लागेल.

राहिला खोलीचा प्रकार. ‘फ्रेंते आल मार’ म्हणजे समोर समुद्र. ‘व्हिस्ता आल मार’ म्हणजे समुद्र दिसतो, कधी कधी गॅलरीतून मान वळवल्यावर. ‘पार्सियाल’ लिहिलं असेल तर दोन इमारतींच्या फटीतून. तळमजला दमट असतो आणि चादरींना ओल लागते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची, जनरेटर आणि रंगमंचापासून लांबची खोली हवी असं आधीच ईमेलने लिहा, आणि तो ईमेल फोनमध्ये ठेवून काउंटरवर जा.